वाळूखालची धाकटी

संगमनेर,
२४ एप्रिल १९७३

चि. सौ. सुमेधास,

आशीर्वाद घे आणि आधी मला हे सांग, की तुझी ती जनावरं घमेल्यात सारखी काय खरवडत असतात? माहेरी जाताना म्हणालीस, "आई, शंखातले खेकडे आहेत, कुणाला काही करत नाहीत. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे." पंधरा दिवस केव्हाच सरले. तुझ्या आईचा मोडलेला पाय आता जमिनीला टेकतो असं तूच लिहिलंस. मग यायची तारीख का लिहिली नाहीस?

काल सकाळी मागच्या पडवीत गेले तर घमेल्यात एकच शंख. थोरला गायब, धाकटी तेवढी जागेवर. तेवढ्यात छबूबाई भांडी घासायला आली आणि अंगणातच थिजून उभी राहिली. तुळशीपाशी शंख चालत होता. "आवो बाई, शंकाला पाय फुटल्यात," म्हणाली आणि ओसरीवर चढून बसली ती खाली उतरेना. मी जन्मात शंख फुंकताना पाहिलाय, पूजेत पाहिलाय, पण चालताना पाहिला नव्हता. मीही तिच्या शेजारी ओसरीवर चढले. शेवटी त्याच्यावर सूप पालथं घातलं आणि चिमट्याने उचलला. त्याने उलट चिमटाच असा धरला की सुटता सुटेना. आता मला सांग, मी या वयात खेकड्याशी चिमट्यावरून भांडू?

आणि त्या दोन वाट्या, एकीत खारं पाणी, एकीत गोडं. इथे नळाला दिवसाआड पाणी येतं, तेही करंगळीएवढं. प्रवरा कोरडी ठणठणीत. छबूबाईच्या वस्तीतल्या बाया नदीच्या वाळूत झिरे खणतात आणि वाटीवाटीने हंडा भरतात. आणि मी इकडे खेकड्यांच्या वाट्या भरते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

मार्गशीर्षात तुझं मूल गेलं, दैवापुढे इलाज नसतो. तरण्या माणसांनी ते उगाळत बसू नये. घरी ये, सगळं पुन्हा होईल. शामकांत मुळातच घुम्या, तो काही लिहायचा नाही. कचेरीत दुष्काळी कामांचा रगाडा आहे म्हणतो, उशिरा येतो, जेवतो, झोपतो.

आई


केळशी,
२९ एप्रिल १९७३

ती. आई,

नमस्कार करते. तुमचं पत्र वाचून हसू आलं, खोटं कशाला बोलू. आईने तर तो चिमट्याचा भाग परत वाचून घेतला.

वाळू ओली राहू द्या, मिठाच्या पाण्याने. वर भिजवलेलं गोणपाट टाका. ते माशासारखे कल्ल्यांनी श्वास घेतात. आपल्याकडच्या उन्हात कल्ले वाळले की गुदमरतात. मिठाला खडे मीठच घ्या. कोपऱ्यात रिकामे शंख ठेवलेत ते टाकू नका, खेकडा वाढला की जुनं घर सोडून मोठं घेतो. आणि कधीही शंखातून ओढून काढायला जाऊ नका. तुटेल, पण सुटणार नाही.

खायला खोबरं, भाकरीचा तुकडा चालतो. न्हाणीघराच्या फळीवर मागे एक डबा आहे, त्याचं छबूबाईला ठाऊक आहे. तुम्ही तो उघडू नका.

यायचं बघते. ह्यांचं पत्र नाही.

सुमेधा


संगमनेर,
७ मे १९७३

चि. सौ. सुमेधास आशीर्वाद.

उघडू नका म्हटलेलं माणूस उघडतंच. मी उघडला, तोही अक्षय्य तृतीयेला, आमरस व्हायच्या आधी. सुकट. माझ्या घरात, माझ्या न्हाणीघरात, सुकट. अगं, तो वास नाकात शिरला आणि मला काही सुचेना. डबा हातात धरून तशीच उभी राहिले, ठेवायचा कुठे तेही कळेना. मग उकिरड्यावर भिरकावला आणि पुन्हा आंघोळ केली. छबूबाईला धारेवर धरलं तर म्हणते, "सूनबाईंनी बाजारातनं आनाया सांगितलं हुतं. खेकड्याला म्हनून. सोता न्हाई खाल्लं त्यांनी, आईच्यान." तू खातेस असं मला वाटलंही नव्हतं, पण तिने असं सांगितल्यावर उगाच वाटून गेलं.

मी ठरवलं, माझ्या घरात राहायचं तर माझ्या घरचं खायचं. त्याच संध्याकाळी उपासाची भगर आणि दाण्याचा कूट घातला. थोरल्याने खाल्ला, म्हणजे त्याला तरी काही वळण आहे. धाकटीने बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी वरणभात, तोही नाही. सुकट फेकल्यापासून खोबरंही तसंच पडून. मग माझाच धीर सुटला. तुझी वस्तू, मी उपाशी मारली असं नको. छबूबाईला म्हटलं, आण बाई तुझं ते काय असेल ते, पण माझ्यादेखत घालू नकोस. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

पण मग पाहिलंच. एवढ्याशा नांगीने चिमूट चिमूट उचलून तोंडात घालत होती, घास मोडून खाणाऱ्या माणसासारखी. मला हसू आलं. हे कुणाला सांगू नकोस.

तारीख लिही.

आई


केळशी,
११ मे १९७३

ती. आई,

तुम्ही हसलात हे वाचून फार बरं वाटलं. त्या घरात मार्गशीर्षापासून कुणी हसलेलं मी ऐकलं नव्हतं. कुणी रडलेलंही ऐकलं नव्हतं.

तुमच्यापासून लपवत नाही. इथे दापोलीच्या शाळेत बाईंची जागा रिकामी आहे. दादा म्हणतो, अर्ज कर. मी मॅट्रिकनंतर शिक्षिकेचा कोर्स केला तो तुमच्याकडे तसाच पडून राहिला. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. तिकडे माझं कुणाला काय वाटतं ते कळत नाही, म्हणून हे सगळं.

धाकटीचं लिहीत जा. तिच्यावर माझा जीव आहे.

सुमेधा


संगमनेर,
१८ मे १९७३

चि. सौ. सुमेधास आशीर्वाद.

अर्जाचं वाचून मी सुन्न झाले. अगं, लग्न झालेली मुलगी माहेरी राहून नोकरी करणार आणि नवरा इकडे आईच्या हातचं जेवणार, हे कुठलं घर? कुणी विचारलं तर मी काय सांगू? रागावते आहे असं समजू नकोस. रागावले असते तर इतकं नीट लिहिलं नसतं.

खेकडे ठीक आहेत. दोघंही. गोणपाट भिजवते, मीठ घालते.

सहज विचारते, तुमच्याकडे असं एखादं जनावर अगदीच निपचित झालं, हातपाय गळून पडले, तर लोक काय करतात? आपलं उगाच मनात आलं.

शामकांतला मी म्हटलं, बायकोला दोन ओळी लिही. तो म्हणाला, "काय लिहू?"

आई


केळशी,
२२ मे १९७३

ती. आई,

तुम्ही विचारलंत ते बरं झालं, हे मी निघण्याआधीच सांगायला हवं होतं.

खेकडा साप टाकतो तशी कात टाकतो. आधी सुस्त होतो, खाणं सोडतो, वाळूखाली जातो. मग अंगावरचं सगळं कवच, पाय, नांग्या, डोळ्यांच्या दांड्यासुद्धा, जसंच्या तसं उतरवून टाकतो. बघणाऱ्याला वाटतं, मेला आणि तुकडे झाले. पण ती नुसती साल असते. खरा जीव शंखात आत असतो, लोण्यासारखा मऊ, अगदी खोल जाऊन बसलेला. कितीतरी दिवस बाहेर येत नाही. स्वतःची टाकलेली साल खाऊन हळूहळू कडक होतो. त्या दिवसांत त्याला कुणी हात लावायचा नाही, जागाही बदलायची नाही. आणि जमिनीवरचा खेकडा आहे, नदीच्या पाण्यात बुडाला तर मरतो.

तेव्हा तसं काही दिसलं तर घाबरू नका, काहीही टाकू नका. धाकटी आता वाळूखाली गेली असेल असं वाटतं, तिने मध्यंतरी खाणं सोडलं होतं ना.

सुमेधा


संगमनेर,
२७ मे १९७३

सुमेधा,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. मी तुला खोटं लिहिलं. दोघं ठीक नव्हते. तुझं पत्र काल आलं तेव्हा मी धाकटीला पुरून आठवड्याच्या वर झालं होतं.

तू लिहिलंस तसंच झालं होतं. वाळूवर पाय, नांग्या सगळं सुटं पडलेलं, शंख कलंडलेला. मला वाटलं, उन्हाने गेली. मला तुझी भीती वाटली, खरं सांगते. तू तिकडे अर्जाचं बोलतेस आणि इकडे तुझं एवढंसं जनावर माझ्या हातून गेलं. आता ही कशाला येते, असं वाटलं. म्हणून लपवलं. मेलेलं घरात ठेवत नाहीत. शंख म्हणजे देवाचा, उकिरड्यावर टाकवेना. भंगलेली मूर्ती, फुटका शंख आपण नदीत सोडतो, तसं ते सगळं पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि घाटाखाली गेले. नदीला पाणी कुठे आहे? मग वाळूत हातभर खड्डा केला, ठेवलं, वर दोन फुलं वाहिली. माझ्या मते मी चांगलं केलं होतं.

काल तुझं पत्र वाचलं तेव्हा कळलं. जिवंत पुरली मी तिला. आणि ऐक पुढे. त्याच वेळी रस्त्यावर दवंडी आली, भंडारदऱ्याचं पाणी पिण्यासाठी नदीत सोडलंय, संध्याकाळपर्यंत पोचेल, पात्रात कुणी थांबू नये.

मी पायात चपला न घालता निघाले. छबूबाई हातातलं भांडं टाकून मागे धावली. जागा मला पक्की ठाऊक होती, मोडक्या पायरीसमोर, काळ्या खडकाच्या जरा अलीकडे. जाऊन बघते तर पायरी आहे, खडक आहे, आणि मधे सगळे खड्डेच खड्डे. तेवढ्या दिवसांत बायांनी पाण्यासाठी सगळीकडे झिरे खणलेले. कुठली वाळू कुठे गेली, काही कळेना. मी गुडघ्यावर बसले आणि हाताने उकरायला लागले. इथे नाही, मग तिथे, मग परत इथेच. नखं सोलली. बाया जमल्या. एकीने विचारलं, सोन्याचं काही पडलं का? मी काय सांगणार होते? छबूबाई म्हणाली, "सूनबाईचं हाय." तेवढ्यावर त्या बायांनीही हंडे बाजूला ठेवले आणि वाळूत हात घातले. काय शोधायचं ते कुणी विचारलंसुद्धा नाही.

पाण्याचा आधी आवाज आला. मग गढूळ फेस आणि पालापाचोळा ढकलत ते आलं. छबूबाईने दंडाला धरून ओढलं. "चला बाई, पानी आलं. तुमी ऱ्हायला तर सूनबाईस्नी म्या काय सांगू?" घोट्याएवढ्या पाण्यातून तिने मला वर काढली.

काठावर सगळं गाव लोटलं होतं. घागरी, हंडे, कळशा, पोरं पाण्यात नाचत होती. सगळे आनंदात आणि मी पायरीवर बसून रडत होते. गावाला पाणी मिळालं म्हणून रडावं इतकी वाईट मी नाही गं. पण रडू आवरेना. बैल गेला आणि झोपा केला, असं झालं माझं.

तुला जे वाटेल ते लिही. मी ऐकेन.

आई


केळशी,
१ जून १९७३

ती. आई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं.

तुम्ही तिला पांढऱ्या फडक्यात बांधलंत. मला न विचारता नेलंत आणि पुरलंत. आणि मला कळवलंत, ठीक आहे.

आई, हे तुम्ही दुसऱ्यांदा केलंत.

मार्गशीर्षात मी शुद्धीवर आले तेव्हा खोली धुतलेली होती. बाळंत्यांचं गाठोडं नव्हतं, दुपटं नव्हतं, काही झालंच नाही अशी खोली. मुलगी होती हेसुद्धा मला सुईणीने सांगितलं. तिचं तोंड मला कुणी दाखवलं नाही. तुम्ही म्हणालात, बघू नये, मनात राहतं. मनात ती तरीही राहिली आहे, नुसती तोंडाशिवाय. दादाने आणलेल्या त्या जिवाला मी धाकटी म्हणायचे ते त्यामुळेच. वेडेपणा होता, पण माझ्यापाशी दुसरं काय होतं?

एका खेकड्यासाठी तुम्ही नदीत गुडघ्यावर बसलात. ते वाचून तुमच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. आणि तितकाच संताप आला. दोन्ही खरं आहे. आठवड्यात तुम्हाला त्या खेकड्याची जागा सापडेना. माझ्या मुलीची जागा कुणाला आठवते तरी का? मी घाटावरून भाजीला जायचे तेव्हा पाऊल कुठे टाकू ते कळायचं नाही. इथे असेल का, तिथे असेल का. ह्यांना विचारलं तर उठून बाहेर जायचे. म्हणून मी निघून आले. आईचा पाय एप्रिलातच बरा झाला होता. मीही तुम्हाला खोटंच लिहीत होते.

दादाने अर्ज लिहून दिला आहे. फक्त सही करायची आहे.

सुमेधा


संगमनेर,
८ जून १९७३

प्रिय सुमेधा,

तुझं पत्र वाचून देवापुढे बसले, पण पूजा झाली नाही. मी रागावेन असं तुला वाटलं असेल. राग नाही आला. इतके महिने मी मनात म्हणत होते, की मी या पोरीला वाचवलं.

शामकांतच्या आधी माझीही दोन गेली. तुला हे कुणी सांगितलं नसेल. माझ्या सासूने मला ती दाखवली नाहीत आणि मी विचारलं नाही, तेव्हा विचारायची रीत नव्हती. मला वाटायचं मी विसरले. तुझं पत्र वाचलं आणि कळलं की विसरले नव्हते, नुसती गप्प बसले होते. माझ्या सासूने मला दिलं तेच मी तुला दिलं. आणि तुझ्या मुलीचं तोंड मीही पाहिलं नाही. सुईणीने गुंडाळून दिली ती तशीच शामकांतच्या हातात ठेवली. रंगनाथ गुरुजी आणि तो घेऊन गेले. बायका जात नाहीत, म्हणून मी दारातून परतले आणि खोली धुवायला घेतली.

संध्याकाळी तो कचेरीतून आला तेव्हा मी चहाही ठेवला नाही. सरळ विचारलं, कुठे ठेवलंस तिला? तो चपला काढत राहिला. मी म्हटलं, सुमेधा विचारते आहे. मग म्हणाला, "चल."

मला वाटलं घाटाकडे नेईल. तो घाट सोडून वरच्या अंगाला चालत गेला. तिथे उंचवट्यावर करंजाचं झाड आहे. त्याच्या बुंध्याशी दगड रचलेले आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. काटे ताजे होते. मी म्हटलं, हे कुणी केलं? तर म्हणाला, "मीच. दर शनिवारी बदलतो." अगं, कचेरीत उशीर होतो म्हणून सांगायचा तो इथे यायचा. मी त्याच्यासाठी झाकून ठेवलेलं अन्न गरम करत बसायचे आणि मला पत्ता नाही.

मी विचारलं, बायकोला का नाही सांगितलंस? म्हणाला, "तूच म्हणाली होतीस, तिच्यापुढे विषय काढायचा नाही. मला वाटलं ती विसरत असेल. मी कशाला खपली काढू?" तुला वाटत होतं तो विसरला, त्याला वाटत होतं तू विसरतेस. आणि तुमच्या दोघांच्या मधे भिंतीसारखी मी.

आणखी एक. त्याने तिचं तोंड पाहिलंय. गुरुजी नको म्हणत असताना त्याने फडकं बाजूला केलं. काय पाहिलं ते मी त्याला विचारलं नाही, फार मनात आलं तरी विचारलं नाही. ते आधी तू ऐकायचं आहेस. एवढंच म्हटलं, सुमेधाला सांगशील ना? तो तिथेच खाली बसला आणि रडायला लागला. त्याचे वडील गेले तेव्हाही हा रडला नव्हता. त्याने पत्र लिहायला घेतलंय, रोज फाडतो.

थोरला परवा वाळूखाली गेलाय. मी घमेल्याला हात लावलेला नाही, छबूबाईलाही लावू देत नाही.

अर्जावर सही करायची तर कर. शाळा संगमनेरलाही आहेत, तू त्यांत शिकवायला गेलीस तर मी डबा करून देईन. आणि इथे राहायचंच नसेल तर तेही तू ठरव. पण एकदा ये. जागा उंचावर आहे. नदीचं पाणी तिथपर्यंत चढलं नव्हतं, मी काठाने चालत जाऊन पाहून आले.

आई


केळशी,
१३ जून १९७३

ती. आई,

कार्डच लिहिते, लवकर पोचावं म्हणून. शनिवारी निघते. पुण्याला मावशीकडे मुक्काम करून रविवारी सकाळच्या गाडीने संगमनेरला येते. अर्ज माझ्या पेटीत आहे, सही केलेली नाही. त्याचं नंतर बघू.

ह्यांना म्हणावं, पत्र फाडत बसू नका, तोंडाने सांगा.

स्टँडवर तुम्ही दोघंही या. आधी घरी जायचं नाही.

सुमेधा